स्क्रीन कोरा दिसता कामा नये

३ मार्च, मंगळवार

लागला एकदाचा! हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, सिस्टर बसतात त्या टेबलावर, आमचा स्क्रीन आज चालू झाला. प्रत्येक खाटेचा एक चौकोन. त्यात नाडी, ऑक्सिजन, ताप. बोट ठेवलं की चौकोन मोठा होतो, आलेख सरकत उघडतो – आणि हे सगळं साध्या ब्राउझरमध्ये! आमचे सेल्सचे साखरतोंडे साहेब असे मिरवत होते, जणू महिनोन्‌महिने मान मोडून त्यांनीच काम केलंय. मी कोपऱ्यात वायर धरून उभी.

मोठ्या सिस्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "छान आहे हो. पण आमच्याकडे नेट सारखं जातं. लिफ्टजवळच्या खोल्यांत तर विचारूच नका. मग यावर काय दिसतं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काळजीच नको, मॅडम. आपला स्क्रीन कधीच कोरा होत नाही."

होत नाही, खरंच होत नाही. तरी ते ऐकताना कुठेतरी उगीच खटकलं.

५ मार्च

मनातलं कुठेतरी ओकायला हवं, म्हणून लिहितेय.

हा स्क्रीन मुळात गोदामवाल्यांसाठी केला होता. कुठल्या रॅकवर किती खोकी, थंड खोलीत तापमान किती, असलं. एकदा डेमोच्या मध्येच नेट गेलं आणि सगळे चौकोन रिकामे. साहेब लालबुंद! "कोरा स्क्रीन कोण विकत घेईल? काहीतरी दिसलं पाहिजे!" मग मी चार ओळी लिहिल्या – नवी माहिती आली नाही तर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहा. खोकी काय, कुठे पळून जातात? ग्राहक खूश, साहेब खूश.

तोच सांगाडा हॉस्पिटलला विकला. पाट्या बदलल्या, रंग बदलले, खोक्यांच्या जागी माणसं घातली. त्या चार ओळी मात्र तशाच राहिल्या. माझ्याही लक्षात आलं नाही, आणि आलं ते शंकासुरामुळे.

शंकासुर म्हणजे आमचा टेस्टिंगवाला. कशावरच विश्वास नाही त्याचा. आज त्याने नाडीचं यंत्र स्वतःच्या बोटाला लावलं, नेट बंद केलं आणि बोट काढून घेतलं. स्क्रीनवर त्याची नाडी चालूच! वर हिरवा रंग. "बघ, मी मेलो तरी माझी तब्येत ठणठणीत!" आम्ही खूप हसलो. मग त्याने तेच पुन्हा एकदा करून बघितलं. पुन्हा हिरवा. चहासुद्धा तसाच राहिला दोघांचा.

६ मार्च

दुरुस्ती तयार! नेट गेलं की चौकोन राखाडी आणि वर ठळक – "माहिती येत नाही." शंकासुराने सगळीकडून ठोकून बघितली. उड्या मारत साहेबांकडे गेले.

"अगं बाई, मंजूर झालेल्या आवृत्तीत एक अक्षर हललं तरी पुन्हा हॉस्पिटलच्या समितीपुढे जावं लागतं. हे हॉस्पिटल आहे, गोदाम नाही."

तेच तर सांगतेय मी! समिती सोळा तारखेला बसणार. तोवर चुकीचं आहे ते मंजूर आहे आणि बरोबर आहे ते नामंजूर. कपाळावर हात मारून जागेवर येऊन बसले.

९ मार्च, सोमवार

बाबांना दाखल केलं. सकाळी दम लागला, ओठ निळसर दिसायला लागले. जवळचं हॉस्पिटल तेच – आमचंच. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय, हृदयावर ताण आहे, काही दिवस सांगता येत नाही.

खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टजवळची! बदलून मागितली तर म्हणे दुसरी रिकामी नाही.

बाबांना माझा स्क्रीन दाखवला. जन्मभर टायपिंग शिकवलेला माणूस, आधी शुद्धलेखन तपासलं. मग म्हणाले, "तुझ्या यंत्रापेक्षा मी बरा. मला दम लागला की मी दम लागला म्हणतो." त्यांना काय माहीत, नेमकं कुठे बोट ठेवलं ते.

१० मार्च

आई घरी. गुडघ्यांमुळे तिला दाराबाहेर पडणं होत नाही, शेजारच्या काकू सोबतीला आहेत. आज दादाने परगावाहून तिच्या मोबाईलवर बाबांचा चौकोन सुरू करून दिला. नातेवाईकांसाठीची ही खास सोय! साहेबांच्या डोक्यातली, माझ्या हातची. दादाला म्हटलं, मला विचारायचंस तरी. "अगं, तूच बनवलंस ना? तिला तेवढाच आधार."

आई मोबाईल देवासारखा समोर मांडून बसलीय. फोन केला की मलाच बाबांची नाडी सांगते.

११ मार्च

मोठ्या सिस्टरांना सगळं सांगून टाकलं. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, जाऊ दे. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही काय स्क्रीनच्या भरवशावर असतो होय गं? आमचे कान खाटेकडे असतात." बरं वाटलं. तरी स्क्रीनच्या कडेला कागद चिकटवून आले – आकडा हलत नसेल तर खाटेपाशी जा.

दुपारी व्यवस्थापक फेरीला आले. "नव्या कोऱ्या स्क्रीनवर हे असले कागद? पाहुण्यांनी काय म्हणावं?" आणि टरकावला! बोळा माझ्याच हातात दिला.

१३ मार्च

नेट दिवसभर येतंय, जातंय. स्क्रीन हिरवागार.

१४ मार्च

बाबांना जरा बरं आहे. उशीला टेकून बसले. नर्सच्या तक्त्यातली एक चूक काढून दाखवली, म्हणजे नक्कीच बरं आहे!

घरी जाऊन आईला समजवायचा प्रयत्न केला. म्हटलं, आई, तो आकडा कधीकधी शिळा असतो. मला विचारत जा.

"शिळा का असेना, आहे ना?"

"तसं नव्हे गं. ते खोटंही असू शकतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या ताटातलं काही ओढून घेत होते. "खोटं तू बोलशील. मला त्रास नको म्हणून तू चांगलंच सांगशील, तुला ओळखत नाही का मी? मशीनला काय पडलंय खोटं बोलायला?"

मशीनच्या तोंडून मीच बोलतेय, हे तिला कसं सांगू? भांडी घासली आणि निघाले. वाटेत रडू आलं, चालता चालताच रडले.

१६ मार्च, सोमवार

समिती बसलीच नाही. अध्यक्ष परगावी. पुढची तारीख कळवतील. साहेब म्हणाले, "इतकी काय घाई? कुणी तक्रार केलीय का?"

कोण करणार तक्रार! स्क्रीन बघणाऱ्याला तर सगळं छानच दिसतं. शंकासुर म्हणाला, चल, गुपचूप चढवून टाकू दुरुस्ती. पण आमच्याकडे नुसती दुरुस्ती आहे, ती स्क्रीनवर चढवायचा पासवर्ड साहेबांकडे. दोघं बसून राहिलो.

१७ मार्च

दुपारी खाली चहाला गेले. सवयीने मोबाईलवर बाबांचा चौकोन बघितला. नाडी बहात्तर, हिरवा. म्हणून चहा सावकाश प्यायले. मी! त्या चार ओळी जिने लिहिल्या ती मी!

वर आले तर पडदा ओढलेला. खाटेजवळचं यंत्र ओरडल्याबरोबर मोठ्या सिस्टर धावल्या होत्या, डॉक्टरही पोचले होते. "खूप धडपडलो गं," म्हणाल्या आणि माझा हात धरून राहिल्या.

बाबांच्या उशाशी उभी होते तेवढ्यात आईचा फोन आला.

"आत्ताच बघितलं. बहात्तर. छान झोप लागलीय वाटतं. उठवू नकोस हं त्यांना."

"नाही उठवत," म्हणाले.