पेत्राच्या सासूचा ताप

सौंदड, रविवार, १२ फेब्रुवारी १९३३, सांज

ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक झाला म्हणून काय बाबा देव झाला? उपासनेतून तीन पाव्हणे उपदेशक जेवाले घेऊन आला. माय तीन दिसापासून तापात पडून हाये, त्याले ठाऊक नोयतं का? मी वाढीन म्हटलं, तं म्हणे, "तू लाजून ताटं सांडशीन. मायले उठव. बायबलात पेत्राची सासूबी तापातून उठून पाव्हण्यायले वाढाले लागली होती."

पाव्हणे हसले. माय खरंच उठली, भिंत धरून, अन् भात वाढाले लागली.

चार मानसात माह्या तोंडातून शब्द निघत नाई. आज दाराआडून निघाला. "येशूनं पयले तिचा हात धरला, ताप उतरवला, मंग ते उठली. तुमी मायचा हात धरला का, बाबा?"

तिघायचे हात भातातच थांबले.

बाबा म्हणे, "चौथीतून काढली तरी जीभ पाहा पोरीची!"

काढली कोनं?

मायले हात धरून मी निजवलं. निखाऱ्यासारखा हात. मंग बाकीचं वाढलंबी मीच. एक शीत सांडलं नाई.

पाव्हणे कवाचे गेले. बाबा अजून आंगनात हात धुऊनच राहिला. धुवाले इतका वेळ हाये, धराले नोयता.