दिवस मावळायच्या आत

अप्पा, आज संगमरवराची फरशी आली. साडेचार हजार, वर टेम्पोचे तीनशे, निम्मे माझ्याकडं. आपल्या बस्तीच्या, जैन मंदिराच्या भोजनशाळेत बसवायची आहे. तुमचं नाव, आणि खाली ‘आजन्म रात्रिभोजनत्यागी’. धाकट्या भावानं हौसेनं कोरून घेतलंय. एक अक्षर खोटं नाही, म्हणूनच पैसे द्यायला माझा हात पुढं होत नाही.

पतसंस्थेच्या अफरातफरीत तुम्ही कळंब्याच्या जेलात गेलात आणि आई कागलच्या एमआयडीसीत कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायला जायला लागली. ती घरी यायची ते अंधार पडल्यावर. सुरुवातीला आम्ही दोघं सकाळची भाकरी दिवस असताना खाऊन घ्यायचो. पुढं सकाळचं उरेनासंच झालं. मग आई कॅन्टीनमधलं उरलंसुरलं डब्यातून आणायची, आणि वाढायच्या आधी खिडकी लावायची. गल्ली सगळी आपल्याच लोकांची. तरी शेजारच्या काकू नळावर बोलल्याच, “बाप आत, आन् पोरं रात्रीची खात्यात. अजून काय ऱ्हायलंय?” तेव्हापासनं धाकटा पापडसुद्धा भिजवून खायचा, आवाज नको म्हणून.

तुम्ही सुटून आलात. सोप्यात माणसं बसलीत आणि तुम्ही सांगताय, “एक दिवस व्रत मोडलं न्हाय बघा. तिथं दिवस असतानाच जेवण देत्यात की.” कुणीतरी म्हणालं, “म्हंजे सरकारनं बस्तीच बांधली की तुमच्यासाठी!” सगळे हसले, तुम्हीसुद्धा. त्याच संध्याकाळी दिवे लागल्यावर धाकट्यानं सवयीनं ताट घेतलं. तुम्ही ते त्याच्या पुढ्यातनं उचललंत. “माझ्या घरात रात्रीचं खाणं? लाज न्हाय वाटत?” मी तोंड उघडणार, तोच आईनं माझा दंड दाबला. “गप बस. तिथं त्येंचं ताट येळंवर यायचं.” एवढंच बोलली. पोरगं उपाशी झोपलं. आज विचारलं तर म्हणतो, मला आठवत नाही, अक्का.

व्रत मीही पाळते, देवाचं म्हणून. पण माझी सून कामावरनं उशिरा येते, तिला गरम वाढते आणि ती जेवेपर्यंत समोर बसते. तुम्हाला चाललं नसतं.

एकच विचारायचं आहे. तिथं ताट पुढ्यात आलं की, घरी पोरं जेवली असतील का, असं कधी मनात आलं होतं का? हे पत्र टाकायला पत्ता नाही, ठाऊक आहे. तरी उलट टपाली कळवा. हो म्हणा, अप्पा. खोटं असलं तरी चालेल मला.