मानेवरचा हात

आप्पा,

ज्याच्या कृपेने जिभेला शब्द सापडतो आणि बोटांना अक्षर वळते, त्या दयाघनाला आधी वंदन करतो आणि मग विषयाला हात घालतो. जे सांगायचे आहे ते रागाचे आहे, आणि देवाचे नाव घेतल्यावाचून तुमच्यावर रागावण्याचे धाडस मला या वयातही होत नाही. तर विषय असा, की मी पिस्तूल चालवायला शिकतो आहे, माझा प्रत्येक नेम खाली जात आला, आणि त्याला कारण तुम्ही.

पिस्तूल म्हटल्यावर तुम्ही जानवे हातात धरून रामनाम घ्याल, म्हणून आधी सांगतो. हे हवेच्या दाबावर चालते. शिशाचा हरभऱ्याहून लहान छर्रा समोरच्या कागदावर जाऊन लागतो, आणि कागदाखेरीज कोणाचेही काही बिघडत नाही. कागदावर वर्तुळे छापलेली असतात, मधला गोल काळा असतो, आणि छर्रा त्या काळ्यात जावा एवढीच या विद्येची मागणी. माझी नात शाळेत असल्यापासून हे करते आणि उत्तम करते. तिला पुढे जाऊन हेच शिकवायचे आहे, त्याचे शिक्षणही कुठेसे मिळते. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत इंजिनिअर. त्याच्या मते मुलीने इंजिनिअर व्हावे आणि नेमबाजी सुट्टीपुरती ठेवावी. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी जेवताना दोघांचे जुंपले. शेवटी तो म्हणाला, "तू कुणाला शिकवणार गं? आधी आजोबांना शिकव. मॅचमध्ये त्यांचे दहाच्या दहा काळ्यात पाड, मग मी तोंड उघडणार नाही." ती म्हणाली, "शब्द?" तो म्हणाला, "शब्द." माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. मला कोणी काही विचारले नाही.

मॅच म्हणजे आमच्या बेळगावच्या क्लबाची आणि निपाणीच्या क्लबाची मैत्रीची लढत. प्रत्येक तरुण नेमबाजाने घरातले एक वडीलधारे माणूस जोडीला आणायचे, अशी तिची रीत. अशा रीतीने एका मुलीच्या भवितव्याचा भार माझ्या उजव्या मनगटावर आला, आणि त्या मनगटाने आयुष्यात पळी-पंचपात्रापेक्षा जड काही नेमाने उचललेले नव्हते.

पहिल्या दिवशी मी धोतर नेसून गेलो. हे पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते आणि दुसरा हात खिशात ठेवायचा असतो, म्हणजे शरीर डुलत नाही. धोतराला खिसा नसतो. नातीने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवसापासून मुलाची जुनी पँट घालून जाऊ लागलो. अनगोळच्या रस्त्यावर माझे प्रवचन ऐकलेली माणसे मला त्या पँटीत ओळखत नाहीत, एवढा एक लाभ झाला. मग तिने सांगितले, की डोळा काळ्या गोलावर ठेवायचा नाही. नळीच्या टोकाशी एक बारीक उंचवटा असतो, त्याला ती फ्रंट साइट म्हणते. दृष्टी त्याच्यावर ठेवायची आणि समोरचा काळा गोल धूसर झाला तरी होऊ द्यायचा. आप्पा, पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काहीच न दिसणाऱ्या त्या शिष्याची गोष्ट मी जन्मभर व्यासपीठावरून सांगत आलो. लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले. आता सतरा वर्षांची पोर मला सांगते, "आजोबा, पक्षी बघायचाच नाही. बाणाचं टोक बघा." मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही.

तरी तेही मी शिकलो. श्वास घ्यावा, हात उचलावा, हळूच खाली आणावा, श्वास थोपवावा आणि चाप इतक्या सावकाश दाबावा की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. श्वास थोपवण्याचे मला कौतुक नाही, प्राणायाम तुम्ही मुंजीनंतर लगेच शिकवलात. तेवढा काळ मनाला धरून ठेवायला मी मनातल्या मनात संध्येतला मंत्र म्हणत असे. वाटले, हे तर आपल्या घरचेच. आणि छर्रा प्रत्येक वेळी खाली, डावीकडे. बटण दाबले की कागद तारेवरून परत येतो. नात त्याच्याकडे बघते आणि घड्याळाच्या काट्याच्या हिशोबाने म्हणते, "आजोबा, परत सात वाजले बघा."

यात आमचे व्याही. सुनेचे वडील निपाणीचे, सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. मुलाकडच्या नातवाला घेऊन तेही त्यांच्या क्लबाकडून उतरणार होते. लेकीकडे आले की सरावाला आमच्याबरोबर येत, आणि माझ्यामागे खुर्ची टाकून बसत. "काय पावनं, आज तरी मधी लागंल का? का छर्रा कागदाच्या पाया पडूनच माघारी यायचा?"

मी म्हटले, "आपले तोंड बंद असले की लागतो."

"मग आजबी अवघडच हाय," ते म्हणाले. "आमी तंबाखू चोळतो, तुमी मंत्र चोळता. आमचा हात ठरतो, तुमचा न्हाय. कायतरी गडबड हाय बघा तुमच्यात."

गडबड होती. एके दिवशी नातीने माझे मोबाइलवर चित्रण केले आणि बाकावर बसवून दाखवले. एक वृद्ध गृहस्थ हात लांब करून उभा आहे, चेहरा एखाद्या यतीसारखा स्थिर, आणि चाप सुटण्याच्या नेमक्या क्षणी त्याची मान खाली जाते, लगेच वर येते. पुन्हा खाली. मानेमागे खांदा, खांद्यामागे मनगट. तिने तीन वेळा दाखवले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही कुणाला हो म्हणताय?"

मला उत्तर ठाऊक होते, पण तिला ते कसे सांगावे?

पावसाळ्यात आपली पडवी भिजे म्हणून वेदपाठाची संथा स्वयंपाकघरात चाले. आई चुलीपुढे, मी पाटावर, तुम्ही उजव्या अंगाला. तुमचा हात माझ्या मानेवर आहे. त्याला उगाळलेल्या चंदनाचा वास येतो आणि तो थंडगार आहे. खालचा स्वर आला की तुम्ही मान खाली दाबता, वरचा आला की उचलता, मधल्याला सोडून देता. धूर डोळ्यांत जातो, तरी डोळे चोळायचे नाहीत. एकदा माझी मान तशीच ताठ राहिली, तर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "मान काय देव्हाऱ्यात ठेवून आलास?" आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "अहो, पोराची मान आहे ती, रहाटाचा दांडा नव्हे." तुम्ही म्हणालात, "आत्ता दाबली नाही तर म्हातारपणी चुकेल." म्हातारपणी ती चुकत नाही, आप्पा. तेच तर दुखणे आहे. एका सकाळी सगळे सूक्त बिनचूक झाले, तेव्हा तुम्ही गावात हलवायाकडे जाऊन कुंदा आणलात. बाहेरचा पाण्याचा थेंबही न घेणारे तुम्ही, मला समोर बसवून तो खायला लावलात आणि बघत राहिलात. शाबासकीचा शब्द काही निघाला नाही. मी त्याची वाट पाहत इतका सावकाश खाल्ला, की आईने विचारले, आवडला नाही का?

आता हे सगळे नेमबाजीच्या हॉलमध्ये नेऊन सोडा. मंत्र ओठांवर आणला नाही तरी मान चालते. तो सोडून मी साधे स्तोत्र घेतले, ज्याला स्वरांचे बंधन नाही. मान तिथेही आपल्या मनाने वर-खाली. नात म्हणाली, "काहीच म्हणू नका की." काहीच न म्हणणे म्हणजे काय, हे तिला कोण सांगणार? मी नुसता उभा राहिलो, तर डोक्यात दुधाचे दही लागले असेल का, गॅस बंद केला का, व्याही मागे हसत आहेत का, असे सगळे गोळा झाले आणि छर्रा कागदाच्या कोपऱ्यात गेला. त्या दिवशी मी चिडून नातीला म्हटले, "तुझ्या बापाचे ऐक आणि इंजिनिअर हो." तिने माझ्या हनुवटीखाली आपले एक बोट धरले आणि म्हणाली, "आता उचला. मान हलली की मला कळेल." वरून तुमचा हात, खालून तिचे बोट. आप्पा, या दोहोंच्या मध्ये जे काही उरते त्याला मान म्हणायचे, आणि ती माझी आहे असे मी इतकी वर्षे समजत होतो.

बोट असेपर्यंत छर्रे काळ्यात जात. बोट काढले की सात वाजत. मॅचमध्ये बोट धरता येणार नव्हते.

मॅचच्या आधल्या सकाळी पूजेला बसलो. मनात राग होता, म्हणून चंदन नको तेवढे उगाळले गेले, आणि तो वास आला तसे ध्यानात आले, की संथेची एक गोष्ट मी विसरलोच होतो. तुम्ही प्रत्येक ओळ आधी स्वतः म्हणत असा. मग मी दोन वेळा. मान दाबली जाई ती माझ्या पाळीला. तुमच्या पाळीला माझे काम एकच, ऐकणे. तेव्हा हात मानेवरच असे, पण नुसता ठेवलेला. हलत नसे. मला हे आठवायला इतके महिने लागावेत, आणि तुम्हांला ते सांगायला एकदाही सवड होऊ नये? स्वप्नात येता ते मात्र माझ्या सोवळ्यातल्या चुका काढायला.

मॅच निपाणीला होती. मुलगा मागे हाताची घडी घालून उभा. व्याह्यांचे छर्रे आधी झाले. एकदोन वगळता सगळे मधोमध, आणि ते रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "या पावनं, जागा गरम करून ठेवलीया." मी हात उचलला, खाली आणला, श्वास थोपवला. ओठ बंद, मनही बंद. मग तुम्ही सुरुवात केलीत. घोगरा, सकाळचा आवाज, तोच जुना ठेका. मी ऐकत राहिलो. डोळा त्या उंचवट्यावर, बोट चापावर, आणि तुमची ओळ निम्म्यावर असताना पिस्तूल आपसूक सुटले. कागद आला. काळ्यात. पुन्हा तुम्ही, पुन्हा निम्म्यात, पुन्हा काळ्यात. दर वेळी वाटे, ओळ पुरी होऊ द्यावी, पण छर्रा थांबत नसे. शेवटच्या छर्ऱ्याला मात्र तुमची ओळ संपली. पाळी माझ्यावर आली, मान जड झाली, आणि मी म्हणायला लागणार इतक्यात पिस्तूल खाली टेबलावर ठेवले. मागे मुलगा खाकरला. नातीनेच शिकवले होते, की मन हलले तर चाप दाबायचा नाही, हात खाली घ्यायचा आणि नव्याने उचलायचा. मी पँटीला तळवा पुसला. तुम्हांला मनात म्हटले, एकदा परत सांगा, नीट ऐकले नाही. तुम्ही सांगितलेत.

काळ्यात गेला. काठावर, पण काळ्यात.

जोडीच्या गुणांत आम्ही हरलो, कारण निपाणीकर खरेच चांगले आहेत. व्याही येऊन म्हणाले, "हरलासा. पर आज मान लई सरळ हुती. घरी बी अशीच ठेवा, सून घाबरंल." मुलाने माझे कागद उजेडात नेले, एकेक भोक बोटाने तपासले, आणि लेकीला विचारले, "कुठं असतं ते शिक्षण? बेंगळूरला?" बापाला सांगण्याच्या घाईत तिला पेटीचे कुलूप लावता येईना. मी ते लावून दिले. माझा हात स्थिर होता.

पण पेटी बंद होण्याआधी एक छर्रा उरला होता. मी तिच्याकडे मागून घेतला. सगळे चहाला गेले होते, तीच तेवढी मागे होती. हात उचलला आणि या वेळी ओळ मी स्वतः म्हटली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, आणि मान जिथे जायची तिथे जाऊ दिली. कागद परत आला. ती म्हणाली, "आजोबा, हे काय, परत सात?" मी म्हटले, "चुकला."

चुकला नव्हता, आप्पा. एवढेच कबूल करायला हे सगळे लिहिले. दहा भोकांचे कागद मुलाने आपल्या कपाटात ठेवले आहेत. सातचा कागद मी देव्हाऱ्यात तुमच्या तसबिरीमागे ठेवला आहे, आणि हे पत्रही घडी करून तिथेच ठेवीन. ते कुठे पाठवायचे नाही.

पुढे कधी देव्हारा झाडताना ज्याच्या हाती हे लागेल आणि जो कोणी वाचेल, त्याचे कल्याण होवो. त्याला शिकवणारे मिळोत, शिकणारे मिळोत, आणि त्याच्या मानेवर एकदा ठेवलेला मायेचा हात कधी पुरता निघून न जावो.

तथास्तु.