काय सोसत नाही

१ ऑक्टोबर २००७, सोमवार. वेल्हे

पोचलो एकदाचा. नसरापूरला एसटी बदलली, पुढचा रस्ता कोणाच्या तरी कोंबडीला मांडीवर घेऊन काढला आणि साडेअकराला वेल्ह्यात उतरलो. समोर तोरणा, खाली बाजार आणि बाजाराच्या टोकाला ट्रस्टचा दवाखाना. आईला वाटतं, पोराला काळ्या पाण्यावर धाडलंय. मला सुट्टीवर आल्यासारखं वाटतंय.

काम दोन महिन्यांचं आहे. इथल्या सर्व्हरवर चार हजार रुग्णांचे केसपेपर आहेत. डॉक्टरबाई पुण्याहून आठवड्यातून एकदाच येतात. बाकीचे दिवस त्यांना तिथूनच, साध्या ब्राउझरच्या खिडकीतून, हा सर्व्हर समोर बसल्यासारखा वापरता आला पाहिजे, आणि दुसऱ्या कोणालाही वापरता येता कामा नये. म्हणजे घराला नवं दार पाडायचं आणि त्याला भक्कम कुलूप लावायचं. कुलपांच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही.

४ ऑक्टोबर, गुरुवार

जहांगीरभाईंशी गट्टी जमली. मूळचे भोरचे, साठी उलटलेली, दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहतात. चारही हजार पेपर त्यांनी एका बोटाने टाइप केलेत. एक शब्द झाला की थांबतात, चष्मा वर सारतात, वाचतात, मग पुढचा शब्द. बघताना माझा जीव जातो.

प्रत्येक पेपरच्या शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक ओळ घातली आहे, लाल अक्षरात: काय सोसत नाही. डॉक्टरी भाषेत ॲलर्जी. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘सर, मानसाला काय झालंय त्ये डाक्टर बगतोच. काय सोसत न्हाई त्ये आदी इचारावं.’’

१५ ऑक्टोबर, सोमवार

काल ईद झाली. जहांगीरभाई भोरहून माझ्यासाठी डबाभर शीरखुर्मा घेऊन आले. मी उभ्याउभ्याच संपवला.

कुलूप तयार आहे. प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. खिडकी उघडी टाकून कोणी उठलं तर पाच मिनिटांत ती आपोआप बंद होते. ही पाच मिनिटं मलाच जाचायला लागली, म्हणून माझ्या नावापुरती काढून टाकली. सुताराच्या घराला दार नसतंच.

२० ऑक्टोबर, शनिवार. हडपसर

आज खंडेनवमी. सकाळी जहांगीरभाईंनी स्टेथोस्कोप, वजनकाटा, सर्व्हर, सगळं पुसून झेंडूच्या माळा घातल्या. वीस वर्षं हे काम त्यांच्याकडेच आहे. मग कीबोर्ड आणि माउस दोऱ्याने बांधून ठेवले. म्हणाले, आज हत्यारं विसावत्यात, कुनी शिवायचं न्हाई. मी म्हटलं, मी घरी हडपसरला जाऊन तिथून काम करीन, शिवण्याचा प्रश्नच नाही. ते हसले नाहीत.

दुपारी इथल्या सायबर कॅफेत बसून खरंच राहिलेलं काम उरकलं. बाहेर दोस्त हाका मारत होते, तसाच उठलो. पिक्चर बरा होता.

२२ ऑक्टोबर, सोमवार. वेल्हे

जहांगीरभाई दारातच थांबले होते. शनिवारी बांधलेला माउस जागचा हलला नाही, पण पडद्यावरचा बाण हलत होता, म्हणाले. पेपर उघडत होते, लाल ओळी पुसल्या जात होत्या. त्या दिवशी शिवायचं नाही म्हणून ते नुसते बघत राहिले. ‘‘म्या सोत्ता बगितलं, सर.’’

मी हसलो. नोंदी काढून पाहिल्या. मी कॅफेतून उठल्यावर माझी खिडकी एक तास दहा मिनिटं उघडी होती. माझ्या खुर्चीत नंतर कोण बसलं, देव जाणे. चाळा म्हणून केलं असेल. अकरा पेपरांवरची लाल ओळ कोरी झाली होती.

ती नोंद मी पुसली. अकरा ओळी मला भरता येत नव्हत्या, त्या फक्त जहांगीरभाईंना ठाऊक होत्या. त्यांना सांगायचं तर कारणही सांगावं लागलं असतं. एवढंच म्हणालो, पेपर मी बघतो, तुम्ही हात लावू नका. उद्या बघू.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या काही उजाडला नाही. आज केळदच्या चंद्राबाई तापाने आल्या. डॉक्टरबाईंनी पुण्याहून खिडकीतून पेपर पाहिला, लाल ओळ कोरी होती, म्हणून सल्फाच्या गोळ्या लिहून दिल्या. तासाभरात बाईंचा चेहरा सुजला, घसा आवळत आला. जीपमध्ये घालून पुण्याला नेलं. वाचतील म्हणतात.

सगळे जहांगीरभाईंकडे बघत होते.

२७ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टरबाई आल्या. जहांगीरभाईंनी टोपी हातात घेऊन बाणाचं सांगितलं. बाईंनी मला विचारलं, बाण आपोआप हलू शकतो का. मी म्हणालो, आपोआप नाही हलत. एक अक्षर खोटं बोललो नाही. आणि वर म्हणालो, चाचांच्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. दोघंतिघं हसले.

सोमवारपासून येऊ नका म्हणून त्यांना सांगण्यात आलं. निघताना ते माझ्यापाशी आले. ‘‘सर, तुमाला तरी पटतंय न्हवं?’’ मी बुटाची नाडी बांधत होतो. ते जाईपर्यंत बांधतच राहिलो.

मला माझीच शिसारी येते.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

जहांगीरभाई गेले. भोरला, ओसरीवर बसल्या बसल्या, छातीत कळ येऊन. दवाखान्यातले सगळे मातीला गेले. मी काम आहे म्हणालो. त्यांच्या जावयाने हात हातात घेतला असता, तर काय केलं असतं?

५ नोव्हेंबर, सोमवार

दुपारचे तीन. लख्ख ऊन. मी एकटाच सर्व्हरपाशी, दोन्ही हात मांडीवर. बाण हलला.

सावकाश चंद्राबाईंचा पेपर उघडला. लाल ओळीत अक्षरं उमटायला लागली. एक शब्द. थांबलं. चष्मा वर सारायला लागतो तेवढा वेळ. मग पुढचा. सल्फाची — गोळी — सोसत — नाही.

कोण जोडलं गेलंय ते पाहिलं. एकच नाव होतं. ते नाव मी गेल्या सोमवारी माझ्या हाताने बंद केलंय.

६ नोव्हेंबर, मंगळवार

टेलिफोनची तार उपटून टाकली. बाहेरून आत यायला आता वाट नाही. तरी बाण हलतोय. उरलेले दहाही पेपर भरले. सगळे बरोबर असणार. त्यांचं कधी चुकलंच नव्हतं.

बाजारातून डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणालो, बाण आपोआप हलतोय. त्या फार मायेने बोलल्या. म्हणाल्या, डोळे तपासून घ्या, नंबर लागला असेल.

तेव्हाच सांगायचं होतं. रुपया संपला, फोन कटला. खिशात दुसरा रुपया होता.

७ नोव्हेंबर, बुधवार

नवा पेपर उघडलाय. वीज गेली आहे. सर्व्हरची बॅटरीही संपली — पडदा चालूच.

नाव — माझं.
वय — २४.
किती दिवसांपासून — खंडेनवमीपासून.
काय सोसत नाही — खरं — बोलणं —

थांबलंय. वाट बघतंय. मी लिहितो. चाचा, मी लिहितो.

दुपारी

कीबोर्ड ओढून लिहिलं — खिडकी मी उघडी टाकली. पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. शेवटून एकेक अक्षर जातं, मी लिहीन तितक्याच वेगाने. चारदा. दहादा. म्हणजे आता सांगायचंही —

वहीत लिहितो. कागदावरचं कसं पुसणार. डॉक्टरबाई, ही वही तुमच्यासाठी. जहांगीरभाईंनी पाहिलं ते खरं होतं. त्यांचा काही दोष

वरची अर्धी ओळ कुठे गेली? आत्ता लिहिली — शाई ओली —

लवकर. डॉक्टरबाई, चंद्राबाईंची ओळ पुसली गेली ती मा