एका फेकीत एकतीस मासे

४ मार्च
आज जाळ्याच्या दहा फेकी. फेकीला सरासरी तेवीस मासे! जानेवारीत नऊ होते. घनता अडीचपट! होसकोट्याजवळच्या या टीचभर तळ्याने कमाल केली. मत्स्यखात्याच्या ऑफिसात प्रतापराव सर खूश — "रिपोर्टमध्ये तक्ता झकास दिसेल." मीही खूश. पुण्याला बाबांना फोटो धाडला.

तळं मक्त्याने घेतलेले देवाप्पा मात्र तोंड पाडून बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या इथलंच मराठी घर, बोलण्यात निम्मं कन्नड. "अक्का, मासे तेवढेच हाईत. नीरु आटतंय. आत्ताच ओढून काढू का सगळे?" मी हसले. म्हटलं, महिनाभर थांबा, वजन भरू दे. तुमचं वर्षभराचं पोट यावर, घाई कशाला?
"सरी, बरं," म्हणाले. शिकलेल्या बाईचा शब्द!

११ मार्च
फेकीला एकतीस. काठाला चिखल फार. बूट रुतला तो निघेना.

१४ मार्च, गुरुवार
तळ्याचं क्षेत्रफळ मी दर वेळी जानेवारीच्या नकाशावरूनच उतरवत होते. आज काठाने चालून मोजलं — पाणी पावहिस्सा उरलंय. म्हणजे मासे वाढलेच नाहीत, दाटलेत! एकूण संख्या तर उलट घटलीय. देवाप्पांना नुसतं बघून कळलं ते मला दोन महिने मोजून कळलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

प्रतापराव सर म्हणाले, "रिपोर्ट गेलाय. पुढच्या वेळी दुरुस्त करू."

देवाप्पांना फोन लावला. ते लेकीकडे हुबळीला. म्हटलं, आजच्या आज मासे काढा. "तुम्हीच थांबा म्हटलासा न्हवं? जाळेवाले आता रविवारी येणार." मला भीती वाटतेय. खरंच.

१५ मार्च
ढग. वारा अजिबात नाही. सकाळी सात वाजता सगळे मासे वर येऊन आ वासत होते — पाण्यातला प्राणवायू संपत आलाय. हवा सोडायचा पंप कुठे मिळेना. एकाकडे आहे, म्हणे उद्या दुपारी. देवाप्पा बसने निघालेत. मासे अजून मेलेले नाहीत. नाहीत!

१६ मार्च
या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी पोटं. देवाप्पा आधीच येऊन बसले होते.
"मोजा, अक्का," एवढंच म्हणाले.
मी मोजायला बसले.