फियाट चकचकीत करण्याबाबत काशीराममामांस खुलासा

मुलुंड (पूर्व),
भाऊबीजेनंतरचा रविवार, १९८६

ती. काशीराममामांस,

भाचा लवू याचा मुलुंडहून वाकून नमस्कार. (गाडीचं टप पुसताना कमरेत उसण भरली आहे, तेव्हा जेवढं वाकता येतं तेवढाच.) विमलामामीलाही तसाच. हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवणार हे ठाऊक असल्यामुळे अक्षर जमेल तेवढं मोठं काढतो आहे. माझी वही बघून तुम्ही म्हणायचात की शाईत पाय बुडवलेली कोंबडी याच्यापेक्षा बरं लिहील. ती कोंबडी आता कंपनीत स्टोअरकीपर आहे, पण अक्षर तेच आहे, मामीने सांभाळून घ्यावं. तुमची तब्येत कशी आहे? मोतीबिंदू एकदाचा पिकला आणि सावंतवाडीचे डॉक्टर येत्या आठवड्यात ऑपरेशन करणार, हे कळून आम्हां दोघांना फार बरं वाटलं. तपकीर तेवढी बंद करा. टाके घातल्यावर शिंकलात तर डॉक्टर बोलतील आणि मामी तर बोलेलच.

आता मुद्द्याचं. गाडी विकली की नाही ते एका शब्दात कळव, असं तुम्ही मामीकडून लिहवून घेतलंत. एका शब्दात सांगायचं तर नाही. बाकीचे शब्द खाली लिहितो आहे, कारण एका शब्दात सांगितलं की भाचा आळशी ठरतो.

गणपती झाल्यावर तुम्ही गावी निघालात तेव्हा एसटीच्या पायरीवर माझ्या हातात किल्ली दिलीत आणि म्हणालात, 'माका आता रस्तो दिसणा नाय. गाडी कित्याक कुजवायची? चकचकीत कर आणि इकून टाक.' एवढं बोलून तुम्ही गाडीकडे न बघता आत जाऊन बसलात. वीस वर्षं माहुलच्या ड्युटीला नेलेली गाडी, माझी आणि प्रेमाची वरात जिच्यातून निघाली ती गाडी, आणि माणूस मान फिरवून बसतो हे काही मला बघवलं नाही. (मामी तेवढ्यात फिरकीचा तांब्या फियाटमध्ये राहिला म्हणून खाली उतरली होती, त्यामुळे तुमचं तोंड तिने पाहिलं नाही. मी पाहिलं.) पण मामांचा हुकूम म्हणजे हुकूम. चकचकीत कर म्हणालात, तर चकचकीत करायला घेतली. विकणं हा त्याच्या पुढचा भाग आहे, आणि तिथपर्यंत पोचायला एवढी मजल मारावी लागेल हे मला काय माहीत.

आपल्या घरात कुठलीही वस्तू चकचकीत कशी करायची हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. तांब्यापितळेला आमसुलाचं पाणी आणि रांगोळी, लाकडाला खोबरेल, काचेला वर्तमानपत्र, आणि मुलांना चार शब्द. त्यात गाडीसाठी वेगळं काही आणावं लागतं हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पहिल्या रविवारी मी बंपरला आमसूल चोळलं आणि वर रांगोळीने असा घासला की समई लाजेल. वाळल्यावर पाहिलं तर बंपरमध्ये पूर्वी तोंड दिसायचं ते आता धुक्यातल्यासारखं दिसायला लागलं. मग डॅशबोर्डला मामीने गावाहून पाठवलेलं घाण्याचं खोबरेल लावलं. तासभर झकास दिसलं. दुपारी ऊन चढलं तसा गाडीतून वास यायला लागला, आणि तळमजल्यावरच्या वनमालाबाई विचारायला आल्या की आज सुरमई कुणाकडे. दुसऱ्या दिवशी बदामाच्या झाडापासून स्टिअरिंगपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली. त्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. प्रेमाचं म्हणणं असं की तिने फक्त सुचवलं, चोळलं मी. बायको सुचवते आणि नवरा चोळतो, हे तुम्हाला मी काय सांगावं.

तेव्हा शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या शरच्चंद्र गुप्त्यांकडे गेलो. यांनी गेल्या वर्षी नवी पांढरी मारुती घेतली आणि तेव्हापासून ते जिन्यात आपल्याशी बोलताना गाडीच्या वेगाने बोलतात. त्यांचा भाऊ विलायतेत असतो, तो गाडीला लावायचे डबे पाठवतो. गुप्त्यांनी मला बसवून तासभर प्रवचन दिलं. त्याचा सारांश असा की नवशिक्याने दहा डबे घेऊ नयेत, चारच वस्तू घ्याव्यात: धुवायला सौम्य शाम्पू, पुसायला मऊ फडकी, ओरखडे घालवायला पॉलिश आणि त्यावर राखण म्हणून वॅक्स. कपडे धुवायची पावडर गाडीला लावणं म्हणजे देवाला फिनाईलने आंघोळ घालणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बादल्या दोन हव्यात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळून काढायची, नाहीतर तीच माती पुन्हा गाडीवर घासली जाते. हे मी घरी येऊन सांगितल्यावर प्रेमा म्हणाली, आपल्याकडे सकाळी पाऊण तास पाणी येतं, त्यात पिंप भरतं, कपडे होतात आणि तुमची आंघोळ होते, यातलं काय बंद करू ते सांगा. आंघोळ बंद केली. (फक्त रविवारची.) चाकांच्या वर माहुलच्या रस्त्याचं डांबर चिकटलेलं होतं, त्याला गुप्त्यांनी रॉकेल सांगितलं. रेशनचं रॉकेल गाडीला लावल्यावर माझ्या घरात जे झालं ते मामीसमोर लिहिण्यासारखं नाही.

मग वस्तू आणायला कुर्ल्याला गेलो. तुम्हाला ती गॅरेजांची ओळ माहीत आहे. तिथल्या दुकानदाराने विचारलं, पॉलिश पायजे, वॅक्स पायजे की रबिंग? मामा, मी बारा वर्षं स्टोअरमध्ये काढली. माणूस नट मागायला आला तर कितीचा, कुठल्या आट्याचा, हे विचारल्याशिवाय मी जागचा उठत नाही. पण त्या दुकानात माझी अक्कल उधार गेली. मी विचारलं, यात लवकर चमक कशाने येते? तो म्हणाला, रबिंग. मी रबिंगचा डबा घेतला. आता घरी येऊन मागच्या मडगार्डला चोळायला लागलो तर काय सांगू, फडक्यावर हिरवागार मळ निघायला लागला. जितकं चोळावं तितका निघतोय. मला वाटलं वीस वर्षांचा मळ आहे, मामांनी कधी लक्षच दिलं नाही. मी प्रेमाला हाक मारून दाखवला. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून गुप्ते ओरडले की अहो तो मळ नाही, रंग आहे. गाडी हिरवी आहे हे माझ्या लक्षात होतं, पण त्या क्षणी नेमकं नव्हतं. मागच्या चाकाच्या वर नाचणीच्या पापडाएवढा एक फिकट डाग पडला आहे. मागून येणाऱ्यालाच दिसतो, आणि तुमच्या मागून येणाऱ्याला तुम्ही कधी पुढे जाऊ दिलंत?

त्यानंतर मात्र मी शहाणा झालो. तो डबा माळ्यावर टाकला आणि गुप्त्यांनी सांगितलेल्याच चार वस्तू आणल्या. फडक्यांसाठी तर विलायतेत बघायला नको, मामीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी उसवली. इतकं मऊ सुती कापड कुठल्या दुकानात मिळत नाही. (मामी, गोधडी विरलेलीच होती.) सावलीत गाडी लावली, एका वेळी एकच पत्रा घेतला, पॉलिश हलक्या हाताने, मग वॅक्सचा थर अगदी पातळ, भाकरीला तूप लावतात तेवढाच. पाच-सहा रविवार त्यात गेले. पण मामा, खरं सांगतो, शेवटचा हात फिरवला तेव्हा बॉनेटमध्ये बदामाच्या झाडाचं पान न् पान दिसत होतं आणि मी उगाच दोनदा गाडीभोवती फेरी मारली. मला वाईटही वाटलं. एवढी चकचकीत तुम्ही ती कधीच बघितली नाहीत, आणि बघणार कोण तर गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक म्हणजे स्टेशनजवळ ज्याचं हार्डवेअरचं दुकान आहे तो रतनशी. माणूस भला आणि सरळ. पण तो येण्याआधी दसरा झाला होता. दसऱ्याला गाडीची पूजा ही आपल्याकडे व्हायचीच, तुम्ही असतात तर तुम्हीच केली असतीत. प्रेमाने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. पुढच्या रविवारी मी वॅक्स लावायला घेतलं, तर पूजेचं स्वस्तिक पुसायचं कसं? म्हणून त्याच्यावरूनच हलकेच वॅक्स फिरवलं. वॅक्सचं कामच असं की खाली जे असेल ते राखायचं. त्याने ते चोख राखलं आहे.

रतनशी आला, त्याने गाडी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. एवढी जुनी फियाट एवढी चमकते म्हणजे ठोकून नवीन रंग मारलेली असणार, असं त्याचं म्हणणं. त्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि कुठे पुट्टी भरली आहे का (तिच्यावर चुंबक चिकटत नाही) ते बघायला गाडीभर लावत फिरला. चुंबक सगळीकडे चिकटला. तेव्हा तर तो जास्तच बुचकळ्यात पडला, कारण दोष सापडला की माणसाला हायसं वाटतं. मग त्याची नजर स्वस्तिकावर गेली. ताजं कुंकू, ताजा हार. तो मला म्हणाला, 'लवूभाय, पूजा तो लोग नया गाडी का करता है. पूजा किया और बेचता है, ऐसा क्या हुआ बीच में?' मी सांगितलं की आमच्यात दरवर्षी करतात. त्याने मान हलवली, मुंग्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि विचार करून सांगतो म्हणून निघून गेला. आता सांगा यात माझी काय चूक. मळकी गाडी कुणी घेत नाही म्हणून तुम्ही चकचकीत कर म्हणालात, आणि चकचकीत केली म्हणून ती कुणी घेत नाही.

तर परिस्थिती ही अशी आहे. गाडी झकास आहे, विकली गेलेली नाही, आणि भाचा निर्दोष आहे. ऑपरेशनला धीराने जा. डोळ्याला हात लावू नका, वाकू नका, विहिरीवर जाऊ नका. गावच्या सगळ्यांना नमस्कार आणि पोरांना खाऊ माझ्या नावावर. पत्राचं उत्तर सावकाश पाठवलंत तरी चालेल.

तुमचाच,
लवू

ता. क. आमसुलं संपली. (बंपरला लागली.) कुणी मुंबईला येणारं असेल तर थोडी पाठवावीत.

ता. क. दुसरा. मामी, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. मामांनी विचारलं तर लवूने सगळ्यांना नावानिशी नमस्कार लिहिलेत म्हणून सांग. तू तांब्याच्या निमित्ताने उतरलीस आणि माझ्या कानाशी म्हणालीस, 'ऑपरेशन होयसर गाडी इकू नको. डोळे बरे झाले काय हे पयली गाडीच मागतले, आणि मगे माका खातले.' त्याप्रमाणे ऑपरेशन होईपर्यंत मी निभावून नेलं आहे. आमसूल, खोबरेल आणि रबिंग हा खराच मूर्खपणा होता, त्याचं श्रेय तुला देता येत नाही. पण पॉलिशला पाच-सहा रविवार लागत नाहीत, दोन पुरतात. आणि कुंकू वॅक्सखाली टिकतं वगैरे काही नाही, फडकं फिरवलं की निघतं. रतनशी यायच्या दिवशी सकाळी प्रेमाने ते नव्याने काढलं आणि हारही नवा घातला. तरी तो भला माणूस परवा पुन्हा आला, गाडी घेतोच म्हणाला. मी सांगितलं, मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ते झालं की तेच काय ते बघतील. तू काळजी करू नको. मामा त्या दिवशी मान फिरवून बसले होते ना, ते रडत होते. तुला सांगितलं नव्हतं.

ता. क. तिसरा. मामा, कोकणात टपाल कसं पोचतं ते मला माहीत आहे. हे पत्र येईपर्यंत पट्टी सुटली असेल, नवा जाड चष्मा लागला असेल, आणि मामीच्या हातातून कागद ओढून तुम्ही स्वतःच वाचत असाल, तर वरचंही वाचलंतच. मामीवर रागावू नका. ज्याला माझं अक्षर वाचता आलं, त्याला मुलुंडचा रस्ता दिसायला काय धाड भरली? किल्ली खिळ्याला लावून ठेवली आहे. येताना खोबरेल आणू नका.