चौथ्या चौकटीतल्या दोन ओळी

प्रिय धाकटे,

चार दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. वाजतो, वाजतो आणि बंद पडतो. मग म्हटलं, आता लिहायलाच बसावं. आज सोमवार. उद्या सकाळी हे पत्र आमच्या ओळखीच्या एका बसवाल्याच्या हातात देते, तो तुमच्याकडूनच पुढे जातो. तुझी लेक थांब्यावर येऊन घेईल, तिला सांगून ठेवलंय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि चुका काढायला तू लहानपणापासून टपलेलीच. काढ. पण मधेच फेकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

लेकीचा फोन आला तेव्हा मी चादरी वाळत घालत होते. म्हणाली, मावशी, आईने ऑपरेशनची तारीख रद्द करून टाकली. म्हटलं, का गं? तर म्हणे तुझ्या मॅडमच्या पत्रकात कुणाची तरी छातीतली गाठ गेल्याचं छापलंय, ते आईने उशीखाली ठेवलंय, आणि म्हणते मी मावशीच्या मॅडमकडे जाऊन पडेन पण सुरी लावून घेणार नाही. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारपर्यंत जागा धरून ठेवलीय. ती गेली की पुढची दीड महिन्यानंतर, आणि एवढं थांबू नका असं त्या दोनदा म्हणाल्या. मी लगेच तुला फोन लावला आणि तोंड सोडलं. अक्कल गहाण टाकलीस का, म्हटलं. शिकून सवरून माती खाल्लीस, म्हटलं. तूही काही कमी नाहीस. म्हणालीस, तू तिथलंच खातेस आणि मला शहाणपण शिकवतेस? तुला काय कळतं त्यातलं, तू तिथे चादरी धुतेस. आणि फोन आपटलास.

धुतेच. दिवसाला सात-आठ चादरी. आणि कळत नाही हेही खरं, पण का कळत नाही ते ऐक. मॅडमच्या उपचाराच्या दोन खोल्या चावीवाल्याच्या दुकानावर आहेत. खाली दिवसभर त्याचं मशीन किरकिरतं आणि वर मॅडम म्हणतात, आवाजाकडे लक्ष देऊ नका, श्वासाकडे द्या. उंच, अरुंद पलंग. माणूस आडवं होतं, मॅडम त्याच्या अंगापासून वीतभर वर हात धरतात आणि डोक्यापासून पायापर्यंत सावकाश नेतात. पाऊण तास. बोटसुद्धा लावत नाहीत. त्याला म्हणायचं ऊर्जा. पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून हसले. पण माणसं उठतात ना धाकटे, त्यांचे चेहरे बघ. येताना माझ्याकडे बघत नाहीत आणि जाताना बुटाची नाडी बांधता बांधता लेकीचं लग्न, शेजाऱ्याचं भांडण, सगळं सांगून जातात. मग एकदा माझाच खांदा धरला. मॅडम म्हणाल्या, पडा तुम्हीही. पडले, आणि पाऊण तास घोरले. उठले तर खांदा कापसासारखा हलका. दोन दिवसांनी परत धरला. आता याला गुण आला म्हणायचं का झोप झाली म्हणायचं? मला विचारशील तर मी दोन्हीकडे मान हलवीन.

तुला एक सांगितलेलं नाही. ते पत्रक काढायचं ठरलं तेव्हा लोकांचे अनुभव गोळा करायचं काम मॅडमनी मला दिलं. स्वतः विचारायला त्या लाजतात. म्हणाल्या, तुमच्याशी लोक मोकळं बोलतात. कोरी वही दिली, नवं पेन दिलं. चौथीत शाळा सोडलेली बाई मी, माझी छाती अशी फुगली की काय सांगू. सुरुवात बसवाल्यापासून केली, हाच तो. विचारलं पाठीचं, तर अर्धा तास बायकोचं गाऱ्हाणं सांगत बसला. शेवटी म्हणाला, पाठ आहे तशीच आहे हो, पण इथे पाऊण तास माझ्याशी कुणी बोलत नाही, त्याचं फार बरं वाटतं. मी तसंच उतरवलं. मॅडमनी वाचलं, ओठ चावला, म्हणाल्या, हे नको छापायला, राहू द्या. मग निवृत्त झालेल्या शाळेतल्या बाई. म्हणाल्या, आता मला शांत झोप लागते. म्हटलं, वा, गोळी सुटली का? तर म्हणे, छे छे, गोळी घेतेच की. आता बोल! एकालाही मी खोटं बोलताना पकडलं नाही. जो तो मनापासून बोलत होता, आणि वही मिटली की माझ्या हातात काहीच नसायचं. गुण आला का? आला. कशाने आला? देव जाणे.

वही भरली तर छापखानेवाला म्हणाला, पानावर सहा चौकटी बसतील, एका चौकटीत दोन ओळी, जास्त घातलंत तर अक्षर मुंगीएवढं होईल. मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही ऐकलंय, तुम्हीच छाटा. आता छाटायचं म्हणजे काय करायचं? मी कुठे असली कामं केलीत? मग माझी मीच एक युक्ती काढली. माणसाचं पहिलं वाक्य ठेवायचं, शेवटचं ठेवायचं, मधलं उडवायचं. मधे सगळे रडगाणंच गातात, मी म्हटलं. शाळेतल्या बाईंची गोळी तिथेच उडाली. मॅडम खूश. म्हणाल्या, तुम्हाला जमलं की!

त्यांच्यात एक शिवणवाली होती. मागच्या गल्लीत तिचं एवढंसं दुकान आहे. काज करता करता, मान वर न करता, तासभर बोलली. छातीत गाठ लागली तेव्हा आठ दिवस घरात कुणाला सांगितलं नाही. मग ऑपरेशन झालं. मग सहा महिने सलाईनमधून औषध. केस गेले, जिभेची चव गेली, बोटं अशी बधिर झाली की सुईत दोरा जाईना. तेव्हा ती आठवड्यातून एकदा आमच्याकडे येऊन पडायची. म्हणाली, घरी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, इथे मला रडता यायचं. मी वहीची चार पानं भरली होती तिची.

तुझ्याशी भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत तिच्याकडे गेले. आडपडदा न ठेवता विचारलं, बाई, तुमची गाठ घालवली कुणी? म्हणाली, डॉक्टरने, दुसरं कोण कापणार? मी म्हटलं, बरं झालं, सुटले. तर लगेच म्हणते, पण मॅडम नसत्या तर पहिल्या सलाईननंतर मी परत दवाखान्याची पायरी चढले नसते. म्हटलं, अहो मग डॉक्टर का मॅडम, एक काहीतरी सांगा! ती चिडली. म्हणाली, तुम्हाला एकच नाव कशाला हवंय? डोकं धरून परत आले. येऊन मॅडमना तुझं सगळं सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या, पलंगावरच बसल्या. मग हळूच म्हणाल्या, पण छापलंय त्यात खोटं काही नाही ना? आणि जरा वेळाने म्हणाल्या, ही पत्रकं संपली की पुढच्या वेळी नीट छापू. बाई वाईट नाही गं. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात महिनाभर स्वतः चादरी धुतल्या तिने, मला एका शब्दाने बोलली नाही. आणि तीच बाई असं म्हणते. दाराशी पत्रकांचा गठ्ठा होता तो पिशवीत घातला आणि घरी घेऊन आले. आता कामावर ठेवते का काढते, बघू.

आता जे तुला फोनवर सांगता आलं नाही ते सांगते. तुझ्या उशीखालची ती चौथी चौकट शिवणवालीची आहे, आणि ती मी लिहिलीय. ‘माझ्या छातीत गाठ होती. मॅडमकडे येत राहिले, आता गाठ नाही.’ पहिलं वाक्य आणि शेवटचं. ऑपरेशन, सहा महिने, गेलेले केस, बधिर बोटं, या सगळ्यावर मी पेनाने आडवी रेघ मारली, गॅसवर दूध तापत होतं तेवढ्या वेळात. छापून आलं तेव्हा जन्मात पहिल्यांदा माझं लिहिलेलं कागदावर दिसलं म्हणून तुला पाठवलं. कुणी लिहिलं ते मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, आधी चुका न काढता छान म्हणू दे हिला. तू म्हणालीसही. सांगायचं राहून गेलं, आणि दोन महिन्यांनी तुलाच गाठ निघाली. फोनवर मी ओरडत होते ते तुझ्यावर नव्हतं गं. मॅडमच्या हातात काही आहे का नाही, ते मला अजून समजलेलं नाही, आणि मरेपर्यंत समजेल असंही वाटत नाही. पण त्या बाईची गाठ कापून काढली होती, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. शुक्रवारच्या आत डॉक्टरीणबाईंना फोन कर. नंतर तुला आमच्याकडे येऊन पडायचं असेल तर खुशाल पड, मी नाही म्हणणार नाही. गुरुवारी पहिल्या गाडीने मी येतेय. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, बोलू नकोस, जेवायला वाढू नकोस. फक्त फोन केला म्हणून सांग.

तुझीच, जिने हा घोळ घातला ती,
मोठी